शकुनीचे घराणे आणि धृतराष्ट्राची सुटका

गांधारीच्या पत्रिकेत वैधव्ययोग होता, म्हणून तिचे लग्न आधी एका बोकडाशी लावले, बोकड कापला आणि मग ती धृतराष्ट्राला दिली. पुढे कुणीतरी ही गोष्ट फोडली. आपल्याला विधवा दिली म्हणून हस्तिनापूर खवळले आणि गांधारराज सुबलाला त्याच्या सगळ्या मुलांसह अंधारकोठडीत टाकले. रोज माणशी भाताचे एकच शीत. बापाने आणि भावांनी आपापले शीत एकाच मुलाच्या तोंडी घातले, कारण सूड घ्यायला कुणीतरी उरायला हवे होते. तो मुलगा शकुनी. मरताना बापाने त्याचा पाय मोडला, म्हणजे पावलापावलाला आठवण राहील. आणि सांगितले, माझ्या हाडांचे फासे कर, ते तुला हवे तेच दान देतील.

शकुनीचे नाव निघाले की आज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हीच गोष्ट सांगितली जाते. व्हॉट्सअॅपवर फिरते, यूट्यूबवर लाखो लोक ऐकतात, व्याख्यानात वक्ता आवाज खाली आणून सांगतो. तपशील बदलतात. कोठडीत टाकणारा कुठे भीष्म असतो, कुठे धृतराष्ट्र, तर कुठे चक्क दुर्योधन. निष्कर्ष मात्र ठरलेला: शकुनीला कौरवांचे भले करायचेच नव्हते, तो कुरुकुळ बुडवायला आला होता, आणि भारतीय युद्ध म्हणजे गांधारच्या एका राजपुत्राने पुरा केलेला सूड.

व्यासांच्या महाभारतात ही गोष्ट नाही. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे हस्तलिखिते ताडून ठरवलेल्या पाठात नाही, आणि त्याआधी घरोघरी वाचल्या जाणाऱ्या नीलकंठी, म्हणजे टीकाकार नीलकंठाच्या पाठातही नाही. लोकांनी रचलेली कथा म्हणून ती राहो, तिच्याशी माझे भांडण नाही. ती 'खरे महाभारत' म्हणून सांगितली जाते तेव्हा एका मोठ्या अपराध्याला हळूच दाराबाहेर काढून देते, आणि ते मला सहन होत नाही. तो अपराधी म्हणजे धृतराष्ट्र.

आधी ग्रंथात काय आहे ते पाहू. आदिपर्वात भीष्माच्या कानावर येते की सुबलाच्या मुलीला शंकराने शंभर पुत्रांचा वर दिला आहे. तो गांधारला मागणी पाठवतो. मुलगा आंधळा आहे हे कळल्यावर सुबल विचारात पडतो. मग कुरूंचे कुळ, त्यांची कीर्ती, त्यांचे आचरण लक्षात घेऊन तो होकार देतो. बापाच्या मनातली ही चलबिचल व्यासांनी एका श्लोकात उरकली आहे, पण ती आहे. पुढे शकुनी बहिणीला घेऊन हस्तिनापुरास येतो, सोबत साजेसा आहेर आणतो, बहीण स्वाधीन करतो आणि भीष्माकडून सन्मान घेऊन आपल्या नगरास परत जातो. बोकड नाही, कोठडी नाही. एक भाऊ बहिणीचे लग्न लावून घरी गेला, एवढेच.

आणि उपासमारीने मेलेला सुबल? तो युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञाला हजर आहे. सभापर्वात आलेल्या राजांच्या यादीत गांधारराज सुबल, शकुनी, अचल, वृषक अशी नावे ओळीने येतात. यज्ञ आटोपल्यावर पाहुण्यांना पोचवायला पांडव आपापसांत वाटणी करतात, तेव्हा सुबलाला आणि त्याच्या मुलाला पोचवायला नकुल जातो. भाऊही कोठडीत मेलेले नाहीत. शकुनीचे सहा भाऊ युद्धाच्या आठव्या दिवशी अर्जुनपुत्र इरावानावर चालून जातात आणि त्यातले पाच त्याच्या हातून पडतात. बाराव्या दिवशी अचल आणि वृषक एकाच रथावर एकमेकांना खेटून उभे असताना अर्जुन एका बाणात दोघांना मारतो. सख्खे भाऊ, एकसारखे दिसणारे, असे व्यास तिथे मुद्दाम म्हणतात. गांधारचे हे घराणे हस्तिनापूरच्या तुरुंगात नव्हे, हस्तिनापूरच्या बाजूने लढताना रणात संपले. लंगडा पायही व्यासांच्या शकुनीला नाही. तो रथी आहे, अठराव्या दिवसापर्यंत लढतो. त्याचे लंगडणे आपल्या डोळ्यांत भरले ते टीव्हीमुळे.

हे आपण इतक्या खात्रीने सांगू शकतो, त्यामागे पुण्यातल्या माणसांचे अपार कष्ट आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि १९६६ साली पुरे केले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ पासून १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते वाहिले. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते तडीस नेले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते धुंडाळली गेली: काश्मीरची शारदा लिपीतली, बंगालची, नेपाळची, केरळची. काम कसे चाले, तर आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या कागदावर सगळ्यात वर एक श्लोक लिहायचा. त्याखाली एकेका हस्तलिखिताची खूण, आणि जिथे पाठ वेगळा असेल तिथे नेमके तेवढेच अक्षर त्याच्या रकान्यात. श्लोकामागून श्लोक, अक्षरामागून अक्षर. घरातला कर्ता माणूस कामावर लागला आणि निवृत्त झाला तरी काम चालूच, अशी ती सत्तेचाळीस वर्षे. हे आपल्याच गावात झाले, आणि आपणच आज कुणीतरी पुढे ढकललेल्या मजकुरावर 'खरा इतिहास' म्हणून मान डोलावतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता मूळ प्रश्न. शकुनीला कुरुकुळ बुडवायचे होते का?

वनपर्वातला एक प्रसंग इथे निर्णायक आहे. घोषयात्रेच्या, म्हणजे गुरांच्या पाहणीच्या निमित्ताने वनवासातल्या पांडवांना आपले वैभव दाखवायला निघालेला दुर्योधन गंधर्वांच्या हाती सापडतो, आणि त्याला सोडवतात ते पांडवच. या अपमानाने तो अन्नपाणी सोडून मरायला बसतो. दुःशासन रडतो, कर्ण समजावतो. मग शकुनी बोलतो. तो म्हणतो, जीव देऊ नकोस, पांडवांनी केलेले उपकार आठव, 'प्रयच्छ राज्यं पार्थानां'. पांडवांचे राज्य त्यांना देऊन टाक, भावांशी गोडीने राहा, यश मिळव. कौरवांच्या निर्वंशाची शपथ घेतलेल्या माणसासमोर कौरवांचा राजा आपणहून मरायला बसला आहे, आणि हा त्याला उठवतो. वर राज्य परत करायचा सल्ला देतो. सुडाच्या गोष्टीत हा प्रसंग कुठेच बसत नाही, म्हणून तो कुणी सांगत नाही.

सभापर्वातही तेच. इंद्रप्रस्थाहून जळफळत परतलेल्या दुर्योधनाला शकुनीचे पहिले वाक्य आहे ते मत्सर करू नकोस, पांडव आपल्या वाट्याचे भोगत आहेत, असे. दुर्योधन ऐकत नाही. त्याला ती संपत्ती हवीच आहे. तेव्हा शकुनी म्हणतो, युद्धात ते जिंकले जाणार नाहीत, पण युधिष्ठिराला द्यूत आवडते आणि खेळता येत नाही. इथून पुढचा शकुनी वाईटच आहे. मी त्याची वकिली करायला बसलेलो नाही. भाऊ हरून झाल्यावर 'तुझी प्रिया अजून उरली आहे, पांचालीला पणाला लाव' असे युधिष्ठिराला सुचवणारा तोच आहे. त्या वाक्याला क्षमा नाही. पण तो वाईट आहे भाच्याच्या बाजूने. भाच्याला जे हवे ते मिळवून देण्यात आपण काय करतो आहोत हे त्याने पाहिले नाही. असा मामा, काका, मोठा भाऊ आपल्यापैकी कुणी पाहिला नाही? घरच्या मुलाचा हट्ट पुरवताना दुसऱ्याच्या घराची राखरांगोळी करणारी माणसे कोठडीतून सुटून आलेली नसतात. त्यांच्यामागे उपासमार नसते. नुसती माया पुरते.

सुडाची गोष्ट हे सत्य झाकते, आणि त्याहून मोठे एक सत्य झाकते. द्यूत खेळवण्याचा अधिकार शकुनीला नव्हता. तो हस्तिनापुरात पाहुणा. हजार खांबांची सभा बांधायचा हुकूम धृतराष्ट्राचा. विदुर विनवून सांगतो की हे करू नका, तरी त्यालाच इंद्रप्रस्थाला आमंत्रण घेऊन पाठवणारा धृतराष्ट्र. युधिष्ठिर येतो तो वडीलधाऱ्याची आज्ञा म्हणून. शकुनीने नुसते बोलावले असते तर तो आला असता का? आणि खेळ चालू असताना, द्रौपदी पणाला लागल्यावर, सभेतले म्हातारे 'धिक् धिक्' म्हणत असताना, विदुर डोके धरून बसलेला असताना, हा आंधळा राजा हर्षाने पुन्हा पुन्हा विचारतो, 'किं जितं किं जितम्', काय जिंकले, काय जिंकले. आपल्या चेहऱ्यावरचा आनंद त्याला लपवता आला नाही, असे व्यास लिहितात. पहिल्या द्यूतानंतर तो सगळे परत देतो खरा, पण मुलाने पुन्हा आग्रह धरताच दुसऱ्या द्यूताला परवानगी देतो, आणि त्यातून बारा वर्षांचा वनवास नि एक वर्षाचा अज्ञातवास निघतो.

व्यासांना दोष कुणाचा हे ठाऊक होते, आणि त्यांनी तो ग्रंथाच्या दाराशीच लिहून ठेवला आहे. आदिपर्वाच्या सुरुवातीला दोन वृक्षांचे रूपक आहे. दुर्योधन हा क्रोधाचा महावृक्ष. कर्ण त्याचे खोड, शकुनी फांद्या, दुःशासन फुले आणि फळे. आणि शेवटी, 'मूलं राजा धृतराष्ट्रोऽमनीषी'. मूळ धृतराष्ट्र. ते गांधारच्या मातीत नाही, हस्तिनापूरच्या सिंहासनाखाली आहे. सुडाची गोष्ट नेमके हेच मूळ उपटून दुसरीकडे लावते. घरचा राजा बिचारा, आंधळा, भोळा. घर फोडले ते बायकोच्या भावाने.

मराठी घरांत ही मांडणी इतकी सहज का रुजली? वाटणीच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. सातबाऱ्यावरून भाऊ भाऊ वर्षानुवर्षे धुमसत असतात, थोरल्याने धाकट्याचा हिस्सा दाबलेला असतो, वडील बघून न बघितल्यासारखे करत असतात. एक दिवस धाकट्या सुनेचा भाऊ बहिणीच्या बाजूने दोन शब्द बोलायला येतो, ओसरीच्या कडेला टेकतो, आणि सगळ्या घराला एकदम दोषी सापडतो. 'हा शकुनी आला म्हणून घर फुटलं.' ज्याने हिस्सा दाबला त्याला कुणी विचारत नाही. ज्या वडिलांनी गप्प राहून तो दाबू दिला त्यांचे पाय धरले जातात. राजकारणातही तेच. प्रत्येक पक्ष दुसऱ्या पक्षातल्या कुणाला तरी शकुनी म्हणतो. धृतराष्ट्र म्हणायची पाळी आली तर ती आपल्या नेत्यावर कधीच येत नाही. सल्लागारावर खापर फोडले की मालक स्वच्छ राहतो.

गांधारीचे काय, असे कुणी विचारील. स्त्रीपर्वात ती स्वतःच भावाला बोल लावते. सहदेवाने मारलेल्या शकुनीचे प्रेत पाहून ती कृष्णाला म्हणते, हा तिथे परलोकातही माझ्या साध्या मनाच्या मुलांमध्ये भांडणे लावणार नाही ना? शंभर मुलगे गमावलेल्या आईचे हे बोल आहेत, आणि मुलगे भोळे होते असे तिला त्या क्षणी वाटले तर ते मी समजू शकतो. पण युद्ध टळण्याची आशा होती तेव्हा हीच बाई काय म्हणाली तेही ऐकावे लागेल. उद्योगपर्वात, कृष्णशिष्टाईच्या वेळी, भर सभेत ती नवऱ्याला सांगते की इथे सर्वांत निंद्य तूच आहेस, मुलावरच्या मायेने तू त्याचे पाप कळत असूनही त्याच्याच बुद्धीने चाललास. भावाचे नाव तिने तेव्हा आधी घेतले नाही. आणि रणावर जाताना जयाचा आशीर्वाद मागणाऱ्या मुलाला, जिथे धर्म तिथे जय, याहून अधिक काही दिले नाही.

कुळावरून माणूस ठरतो म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावे. गांधारी आणि शकुनी एकाच सुबलाची मुले. आदिपर्वात तर या दोघांच्या जन्माचा उल्लेख एकत्रच येतो: देवांच्या कोपामुळे सुबलाची प्रजा धर्माचा घात करणारी झाली, असे तिथे म्हटले आहे, आणि त्याच श्वासात दोघेही अर्थ जाणणारे होते असेही. शकुनी द्वापराचा अंश, दुर्योधन कलीचा, हेही व्यास सांगतात. म्हणजे उगमाची माहिती त्यांनी लपवलेली नाही. पण त्या उगमाचा आधार घेऊन त्यांनी एकालाही निर्दोष सोडले नाही. अंशावताराच्या यादीतले प्रत्येक पात्र पुढे आपापल्या निवडीने उभे राहते. भर सभेत द्रौपदीच्या बाजूने उठून बोलणारा विकर्ण दुर्योधनाचा सख्खा भाऊ. तीच आई, तोच बाप, तोच मामा. एका मामाच्या कारस्थानाने सगळे घर नासले असते, तर विकर्ण कुठून आला?

या गोष्टीचे धागे आता महाभारताच्या बाहेरही पोचले आहेत. गांधारीने गांधारला शाप दिला म्हणून अफगाणिस्तानात शांतता नाही, असे संदेश फिरतात. स्त्रीपर्वात गांधारी शाप देते तो कृष्णाला आणि यादवांना. प्राचीन गांधारचा गाभा आजच्या पाकिस्तानातल्या पेशावरच्या खोऱ्यात होता, आणि तक्षशिला हे त्याचे मोठे नगर. आपल्याच काळात बेघर झालेल्या लाखो माणसांच्या दुःखाला एका खोट्या शापाचे लेबल चिकटवणे हा क्रूरपणा आहे. आणि विसरू नये, स्वर्गारोहणपर्वाच्या शेवटी सर्पसत्र संपवून जनमेजय तक्षशिलेहून हस्तिनापुरास परततो. व्यासांचा शिष्य वैशंपायन याने पांडवांच्या या पणतवाला भारत ऐकवले ते त्या सत्रात. ज्या भूमीला आपण कपटाचे माहेर ठरवतो, तिथेच ही कथा पहिल्यांदा राजासमोर वाचली गेली.

लोककथेची बाजूही मला मांडली पाहिजे. ज्यांनी शिताची गोष्ट रचली त्यांना उपासमार ठाऊक होती, आणि बलाढ्य राज्य दुबळ्या सोयऱ्याशी कसे वागते तेही. भीष्माच्या मागणीला नाही म्हणायची गांधारची कितपत प्राज्ञा होती, हा तिचा प्रश्न रास्त आहे. सुबलाच्या त्या एका श्लोकातल्या चलबिचलीतूनच ती उगवली असावी. केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या पवित्रेश्वरम् इथे शकुनीचे देवस्थान आहे, लोक तिथे भक्तीने जातात. त्या श्रद्धेला हात लावायचे कारण नाही. पण खलनायकामागचे दुःख शोधायचेच असेल, तर आपली नजर नेहमी राजपुत्रांवरच का थांबते? लाक्षागृहात आपल्या पाच मुलांसह जळून मेलेली निषाद स्त्री आठवा. पांडव वाचले, कारण तिची आणि तिच्या मुलांची प्रेते त्यांची समजली गेली. तिला व्यासांनी नाव दिले नाही, आणि आपणही दिले नाही. तिच्या माहेरची गोष्ट कुणी रचत नाही.

वैराचे काय करायचे याचेही उत्तर ग्रंथात आहे. अश्वमेधपर्वात यज्ञाच्या घोड्यामागे अर्जुन गांधारात पोचतो. शकुनीचा मुलगा बापाच्या वधाचा राग मनात धरून लढायला उतरतो. सैन्य मोडल्यावर त्याची आई, म्हणजे शकुनीची विधवा, मंत्र्यांना घेऊन अर्घ्य हातात धरून पुढे येते आणि मुलाला आवरते. अर्जुन तिचा मान राखतो, मुलाला सांगतो की गांधारीची आठवण ठेवून मी तुला मारले नाही, आता वैर मिटू दे, आणि चैत्री पौर्णिमेला यज्ञाला ये. खरा सूड घ्यायला निघालेला मुलगा आणि त्याला थांबवणारी आई इथे आहेत. मालिकांना नाट्यच हवे असेल तर हा प्रसंग घ्यावा.

माझी मागणी मोठी नाही. ज्यांना शिताची गोष्ट सांगायची आहे त्यांनी ती सांगावी, पण ही लोककथा आहे, व्यासांची नाही, एवढे एक वाक्य आधी म्हणावे. मुलांना सांगताना तर नक्कीच. शकुनी असा का झाला, असे मूल विचारील. त्याला सांगावे की भाच्याच्या हव्यासाला नाही म्हणण्याची वेळ आली तेव्हा त्याने एकदा समजावले आणि मग माघार घेतली. मग सभा कुणी बांधायला लावली, आमंत्रण कुणाच्या नावाने गेले, आणि पुन्हा पुन्हा 'काय जिंकले' असे कोण विचारत होते, तेही त्याच बैठकीत सांगावे.